थर्मासभर नायट्रोजन

आधी चहा ओता. हे सगळं ऐकल्यावर तुम्ही मला चहा विचाराल की नाही याची खात्री नाही, म्हणून आधीच पिऊन घेतो. आणि हसायचं असेल तर शेवटी हसा. मधे कुणी हसलं की माझे कान तापतात आणि पुढचं सांगवत नाही.

तर मी पुण्यात पीएचडी करतो. विषय विचारू नका. विचारलाच? बरं, ऐका मग. अतिवाहक नावाचा एक पदार्थ असतो. पुरेसा गार केला की त्यातून वीज कुठं म्हणून न अडता जाते. त्याची आम्ही केसापेक्षा कितीतरी बारीक तार करतो, आणि तिच्यावर प्रकाशाचा एक कण पडला तर तो मोजतो. एकच कण हं! तो पडला की तारेचा तेवढा ठिपका तापतो, वीज अडते, आणि यंत्र टिक करतं. मग तो ठिपका परत गार होतो आणि तार पुन्हा जशीच्या तशी.

यात अवघड काय, म्हणाल. अवघड हे की कण न पडताही यंत्र कधीकधी टिक करतं. एवढ्या थंडीतही तारेच्या आत बारीक चुळबूळ चालूच असते. एखाद्या वेळी ती हद्दीबाहेर जाते आणि यंत्र म्हणतं, आला, प्रकाश आला! आलेला कुणीच नसतो. तर ती चुळबूळ हा माझा विषय. त्यात आमच्या तारा 'उच्च तापमाना'च्या, म्हणून त्यांच्यात चुळबूळ जास्त. उच्च म्हणजे किती? शून्याखाली एकशे ऐंशी अंश. आता हे वाक्य परभणी जिल्ह्यात, मे महिन्यात, रुमालानं मान पुसत बोलून बघा. मग कळेल गावात माझी किंमत काय आहे ती.

प्रबंध लिहायला म्हणून मी यंदा उन्हाळ्यात गावी आलो. आमचं गाव सोनपेठच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला. वाटलं होतं, शांतता असेल, लिहून होईल. कसलं काय! आईनं आधीच गावभर सांगून ठेवलेलं की आमचा अंगद लाईट मोजतो. दुसऱ्याच दिवशी सकाळी बाबाराव मामा दारात. बाबाराव मामा म्हणजे आमच्या गावातला सगळ्यात मोठा आवाज. शेतातून बोलले तरी घरी मामी कुकर बंद करतात.

"अंगदराव, डीपी जळून लय दिस झाले. तेवढं बगून टाका."

"मामा, मी त्या लाईटचा नाही हो. मी प्रकाशाचा एकेक कण मोजतो."

"चालतंय की! एकेक कण द्या, पर मोटर चालली पायजी."

मी वही उचलली आणि मागच्या दारानं निघालो.

मग मी जाऊन बसलो मोठीमायच्या गोठ्यात. मोठीमाय म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्याची बायको. लहानपणी मी आईपेक्षा तिच्याच पदराला जास्त हात पुसलेत. तिची एक गाय आहे, लाल कंधारी जातीची, नाव तांबडी. मोठीमायच्या लग्नात तिच्या बापानं जी गाय दिली, तिची ही नात. पण झालंय काय, तांबडीला आजवर झाले ते सगळे गोऱ्हेच. एकही कालवड नाही. आणि आता तांबडीचं वय होत आलंय. एखादं-दुसरं वेत होईल, मग संपलं. माहेरची ती ओळ आपल्या दावणीला टिकावी, एवढंच मोठीमायचं म्हणणं. दुसरं काही तिनं कधी मागितलेलं मला आठवत नाही.

त्यात तांबडीचा माज मुका. म्हणजे इतर गाई माजावर आल्या की हंबरून गाव गोळा करतात, ही अवाक्षर काढत नाही. एखादा दिवस चारा जरा कमी खाते, कान जरा वेगळे धरते, एवढंच. तेवढं ओळखायला मोठीमाय तिच्यासमोर टोपलं पालथं घालून बसलेली असायची. मी शेजारी बसून तिला माझं काम समजावलं. बारीक तार, कण, टिक, आणि कुणी न येताच वाजणारी ती खोटी टिक.

"म्हंजी खोटा माज," मोठीमाय म्हणाली.

"तसं नाही गं मोठीमाय, ते जरा जास्त शास्त्रीय..."

"आन् त्येच्यासाटी सरकार तुला पुण्यात ठिवून घेतंय?"

तिच्या मनात काही नव्हतं हो. पण मला लागलं. इतकी वर्षं शिकतोय, आणि गावात माझी इज्जत डीपीच्या तारेएवढीही नाही! तिथंच ठरवलं, गावाला दाखवायचंच. माझ्या बॅगेत अतिवाहकाची एक काळी टिकली होती, आणि चुंबकंही. टिकली नायट्रोजनमध्ये बुडवून गार केली की चुंबकावर अधांतरी तरंगते. बघणाऱ्याचा आ वासतो. फक्त त्याला द्रव नायट्रोजन लागतो.

तो खेड्यात कुठं मिळणार, असं वाटलं ना? तिथंच तर गंमत आहे. पुण्यातल्या प्रयोगशाळेत जो नायट्रोजन, तोच आमच्या गावच्या जनावरांच्या दवाखान्यात! ॲल्युमिनियमच्या एका मोठ्या भांड्यात तो भरलेला असतो, आणि त्यात लांब दांड्याच्या डब्यांमध्ये बारीक बारीक कांड्या बुडवून ठेवलेल्या असतात. त्या कांड्यांत असतं चांगल्या जातिवंत वळूंचं गोठवलेलं वीर्य. गाय माजावर आली की डॉक्टर एक कांडी काढतात आणि गाय भरवतात. मला हे सगळं माहीत होतं बरं का. माहीत नव्हतं म्हणून सुटायचीही सोय नाही.

दवाखान्यात कदम डॉक्टर होते. भला माणूस. कुणाची म्हैस अडली तर जेवणाच्या ताटावरून उठून जाणारा. मी थर्मास पुढं केला.

"घ्या की अंगदराव, थर्मासभरानं काय होतंय! उद्या गाडी येतीच आहे भरून द्यायला."

तेवढ्यात त्यांना फोन आला. कुणाच्या तरी शेळीला पोटफुगी झाली होती. डॉक्टर बॅग उचलत म्हणाले, "मी आल्यावर काढून देतो. त्यातले डबे जरा..."

"डॉक्टर," मी त्यांना मधेच तोडलं, "माझं रोजचंच काम आहे हे. मी पीएचडी यातच करतोय."

बिचारे हसले, "मग काय प्रश्न!" म्हणाले आणि गेले. त्यांचं ते वाक्य मी पुरं होऊ दिलं असतं तर आज तुम्हाला सांगायला माझ्याकडं काही नसतं.

भांडं तिरपं करायला लागलो तर ते डबे मधे यायला लागले. मी काय केलं? काढले बाहेर. सगळे! आणि दांड्यांना धरून खिडकीच्या गजाला टांगून दिले, धुतलेल्या पिशव्या टांगतात तसे. बाहेर मे महिन्याचं ऊन. मग सावकाश थर्मास भरला. पांढरा धूर फरशीवरून वाहायला लागला, तो इतका सुंदर दिसत होता की मी मोबाईल काढून त्याचा व्हिडिओ घेतला. पहिला हलला म्हणून दुसरा घेतला. मग डबे परत भांड्यात सोडले. चर्रर्र आवाज झाला, वाफ आली, आणि पुन्हा सगळं गार.

माझ्या मनात शंकेची पालसुद्धा चुकचुकली नाही. का चुकचुकावी? आमच्याकडं सगळं असंच चालतं की! तार तापते, बिघडते, गार केली की पुन्हा ठीक. दिवसातून कितीही वेळा करा. गार केल्यावर ठीक होत नाही असं काही जगात असतं, हेच मी विसरून गेलो होतो.

संध्याकाळी मोठीमायच्या अंगणात प्रयोग झाला. स्टीलच्या ताटात चुंबकं मांडली, टिकली गार केली आणि वर सोडली. तरंगली! सगळं अंगण पुढं सरकलं. मी मागं हात बांधून उभा. आयुष्यात इतका ताठ मी कधी उभा राहिलो नसेन.

"ह्येच्यावर मानूस बसल का?" बाबाराव मामांनी विचारलं.

"नाही मामा, एवढ्याशा टिकलीवर कसा बसेल?"

"मंग पोतं?"

"नाही."

"मंग काय करायचं ह्येचं?" म्हणून मामा उठले आणि त्यांच्यामागं निम्मं अंगण उठलं.

तेवढ्यात गोठ्यातून मोठीमायची हाक आली. "अंगदा! पळ, डॉक्टरला बलावून आन. तांबडीनं कान टाकलेत!"

मी धावत गेलो, डॉक्टरांना गाडीवर घेऊन आलो. त्यांनी भांड्यातून कांडी काढून आणली होती. मोठीमायनं त्यांना दोनदा विचारलं, "कंधारीचीच हाय ना?" त्यांनी हो म्हटलं. तांबडीची शेपटी कुणी धरली होती माहितीये? मी. या हातांनी! मोठीमायनं तांबडीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, मग सगळ्यांना गूळ वाटला. मीही खाल्ला.

तीन आठवडे झाले आणि तांबडी उलटली. म्हणजे गाभण राहिली नाही, पुन्हा माजावर आली. मोठीमायचं तोंड उतरलं.

मी प्रबंधातून डोकं वर काढून तिला समजावायला गेलो. "मोठीमाय, एकदा उलटली म्हणून घाबरायचं नसतं. याला चढउतार म्हणतात. मी त्यातलाच आहे."

"तू गाईतला हायस?"

"चढउतारातला. अगं, प्रत्येक कण मोजला जात नाही, तशी प्रत्येक कांडी लागत नाही. मन शांत ठेव."

दुसऱ्यांदा भरवली. पुन्हा उलटली. मी म्हणालो, हा जरा मोठा चढउतार आहे. मोठीमाय टोपल्यावर बसून तांबडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि मी तिथंच तिला सरासरी म्हणजे काय ते सांगत राहिलो. आता आठवलं की कुठं तोंड लपवावं कळत नाही.

पण मग बातम्या यायला लागल्या. बाबाराव मामांची गाय उलटली. त्यांच्या भावाची उलटली. वरच्या आळीतली उलटली. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, कदम डॉक्टरचा हात खराब झालाय. अन् एक दिवस सकाळी सगळे दवाखान्यासमोर जमले. डॉक्टरांची बदली करा म्हणून अर्ज द्यायचं चाललं होतं. मोठीमायही पदर खोचून आली होती, तिला कुणी बोलावलं नव्हतं तरी.

आणि तिथं मीही गेलो. गेलो कसला, मिरवत गेलो. गाव अडाणीपणानं एका भल्या माणसाला छळतंय आणि त्याला वाचवायला शास्त्र धावून आलंय, अशा थाटात!

"थांबा!" मी पायरीवर चढलो. "पुराव्याशिवाय माणसावर आळ घ्यायचा नाही. आधी तपासून बघू."

"ह्यो काय तपासतो?" मामा.

"मामा, खऱ्याखोट्याची पारख करणं हेच माझं काम आहे."

डॉक्टर बिचारे कोपऱ्यात उभे होते, चेहरा उतरलेला. मी त्यांना म्हणालो, एक कांडी काढा, कोमट पाण्यात वितळवा, थेंब काचेवर घ्या. दवाखान्यात सूक्ष्मदर्शक होताच. डॉक्टरांनी डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग दुसरी कांडी काढली, मग तिसरी.

"काय दिसायला पाहिजे?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"नुसती वळवळ दिसायला पाहिजे, गर्दी," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "एकपण हलंना गेलंय."

बाबाराव मामांनी एक डोळा मिटून आत पाहिलं. "आरं, ह्ये तर बाजार उठल्यावानी हाय!"

"बघितलं?" मी गरजलो. "डॉक्टरांच्या हाताचा काही दोष नाही! माल आधीच मेलेला होता. आता प्रश्न असा की मेला कशानं? डॉक्टर, नायट्रोजन कधी संपला होता?"

"नाही हो. रोज काडी घालून बघतो मी. पातळी कधीच खाली गेली नाही."

"म्हणजे भांड्यात असताना मेला नाही!" मला तर आता चेवच चढला होता. "मग बाहेर निघाल्याशिवाय कसा मरेल?"

"तेच म्हणतो," डॉक्टर म्हणाले. "डबा जरा वेळ जरी वर राहिला तरी कांड्या वितळतात. आणि एकदा वितळून पुन्हा गोठल्या की संपलं. दिसायला मात्र काही फरक पडत नाही."

"म्हणजेच कुणीतरी डबे बाहेर काढले!" मी बोट वर केलं. "या उन्हात काढले, तसेच ठेवले, आणि परत आत टाकून गुपचूप निघून गेला! असा बेअक्कल माणूस कोण..."

आणि माझं लक्ष समोर गेलं.

बोट वरच राहिलं. खिडकी माझ्या समोरच होती. गज होते. त्या क्षणी फरशी दुभंगून मला पोटात घेती तर मी तिचे उपकार मानले असते.

"त्यो गाडीवाला आसंल!" बाबाराव मामा ओरडले. "नायट्रोजन भराया येतो त्यो. त्येचं ध्यान कुटंबी आसतंय!" सगळ्यांनी माना डोलावल्या. हां हां, गाडीवालाच. आणि मी? मी गप्प राहिलो. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आलं, तो गाडीवाला लांबचा आहे, त्याला कळणारही नाही. बसू दे त्याच्या डोक्यावर. हे इतकं हलकं मन माझं आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"तसा नाही तो माणूस," डॉक्टर म्हणाले. "भरताना मी समोर असतो." मग कपाळाला आठ्या घालून आठवायला लागले. आठवता आठवता त्यांची नजर माझ्यावर आली. थांबली. आणि मग त्यांनी ती खाली वळवली.

एक शब्द बोलले नाहीत! ज्याच्या बदलीचा अर्ज तयार होत होता, तो माणूस माझी अब्रू झाकत होता. ते मात्र मला सोसलं नाही.

"मी," मी म्हणालो.

"काय मी?" मामा.

"तो बेअक्कल. मीच. त्या टिकलीच्या दिवशी डबे मी काढले होते."

कुणी ओरडेल, शिव्या देईल, याची मी तयारी केली होती. पण मोठीमाय पुढं आली. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. डॉक्टरांसमोर दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, "डॉक्टर, माफी करा. लेकरू आमचंच हाय. शिकाया धाडलं आन् आमाला वाटलं लय शिकलं." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी खूप बोलणी खाल्लीत हो. गाइडची खाल्लीत, बापाची खाल्लीत. पण ते जोडलेले हात माझ्याच्यानं बघवेनात. मी खाली बसलो, तिथंच पायरीवर, आणि पोरासारखा रडलो. मामा म्हणाले, "आता ह्येला कोन गप करायचं?" पण तेही मग माझ्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

पुढं डॉक्टरांनी वर कळवून नव्या कांड्या मागवल्या. मी माझ्या बाजूनं प्रत्येकाच्या दारी जाऊन माफी मागून आलो. चहा सगळ्यांनी दिला, पण एकानंही गोठ्याकडं फिरकू दिलं नाही. मोठीमायकडं गेलो, तर तिनं दारातच विचारलं, "हात रिकामे हायेत का?" मी दोन्ही हात दाखवले, मग तिनं भाकरी वाढली. तांबडी पुन्हा माजावर आली तेव्हा मी घरात बसून होतो. शेपटी धरायला बाबाराव मामांना बोलावलं होतं.

मग मी पुण्याला परत आलो. चुळबुळीवरचं प्रकरण लिहून संपवलं. गाइड म्हणाले, बरं झालंय. मला काही फारसं वाटलं नाही, माझा सगळा जीव फोनकडं होता.

पोळा होऊन गेल्यावर मोठीमायचा फोन आला. कधी नव्हे ती स्वतःहून बोलत होती, आवाजात नुसता आनंद.

"अंगदा, डॉक्टरनं तपासलं. ऱ्हायली! गाबन हाय तांबडी!"

मी लॅबमध्येच ओरडलो. सगळे बघायला लागले, बघू देत. "मोठीमाय! मी येतो गं दिवाळीला, तांबडीला बघायला!"

पलीकडं गोठ्याचं दार लावल्याचा आवाज आला.

"व्याली म्हंजी ये," मोठीमाय म्हणाली.

"अगं, ती व्यायची उन्हाळ्याच्या तोंडाला! मधे दिवाळी आहे की!"

"दिवाळी काय, दरसाल येतीय, लेकरा," मोठीमाय अगदी मायेनं म्हणाली. "तू तिकडंच ऱ्हा."